थोरली गिटार आणि धाकटी

अण्णांनी पहिल्या झटक्यात ‘हो’ म्हटलं, तेव्हाच मला कळलं की कुठंतरी पाणी मुरतंय.

अण्णा म्हणजे माझे वडील. सरकारी दफ्तरात नोकरी, हैदराबादच्या जामबागेत वरच्या मजल्यावर भाड्याचं घर आणि कुठल्याही मागणीला एकच उत्तर, ‘बघू’. हे ‘बघू’ माझ्या नव्या चपलांना मिळालेलं होतं, मैत्रिणींबरोबरच्या सहलीला मिळालेलं होतं, कॉलेजच्या प्रवेशाला तर पार शेवटच्या दिवसापर्यंत मिळालं होतं. आणि आता मी, वीस वर्षांची घोडी, जेवता जेवता म्हणते की मला गिटार घ्यायची आहे, तर हा माणूस भाकरी मोडत म्हणतो, “घेऊ की. रविवारी जाऊ.” आई आमटी वाढत होती. ती थांबली नाही, चमकली नाही, ‘हे काय नवीन खूळ’ असंही म्हणाली नाही. म्हणजे हिला आधीच ठाऊक होतं! दोघांनी मिळून काहीतरी शिजवलेलं होतं आणि गिटार ही माझ्या तोंडात घालायची साखर होती.

मी संशयी आहे, हे मला लोक सांगतात. असेन. पण ते दिवसच तसे होते. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे होणार हे नक्की झालेलं. तेलुगू जिल्हे आंध्राकडे, कानडी म्हैसूरकडे आणि मराठवाडा मुंबई राज्याकडे. शहर तेलुगू भागात राहणार. आमच्यासारख्या मराठी नोकरदारांना सांगावं लागणार होतं, इथंच राहता की मराठवाड्यात जाता. गल्लीत प्रत्येक जण दुसऱ्याला विचारायचा, “तुमचं काय ठरलं?” आणि प्रत्येक जण म्हणायचा, “अजून कुठं काय!” खरं कुणीच सांगत नव्हतं. दफ्तरात कोणाची खुर्ची कोणाला मिळणार याचा पत्ता नव्हता, त्यामुळे शेजाऱ्याला चहा पाजतानासुद्धा माणसं हात राखून बोलायची. मग आम्ही खुणा शोधायचो. कोणी नवी ट्रंक आणली, तो जाणार. कोणी घराला चुना दिला, तो राहणार. समोरच्या बाईंनी वर्षाची चिंच भरली नाही, तर अख्ख्या गल्लीत संध्याकाळपर्यंत बातमी, की त्या नांदेडला चालल्या.

आमच्या घरात तर अण्णा ताकास तूर लागू देत नव्हते. आणि माझं सगळंच त्यावर टांगलेलं. राहिलो, तर माझं बी. ए. पुरं होणार होतं, माझ्या मैत्रिणी, माझं गाणं, माझं शहर माझंच राहणार होतं. गेलो, तर औरंगाबादला आईच्या माहेरी मावशी एक स्थळ धरूनच बसली होती. मुलगा शेतकी खात्यात, पत्रिका जुळते, मुलाला गाण्याचं वावडं नाही. ‘वावडं नाही’! त्या दोन शब्दांनी माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

गिटारचं वेड मला लावलं माझ्या एका वर्गमैत्रिणीनं. ती सिकंदराबादची, अँग्लो-इंडियन, वडील रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते. मधल्या सुट्टीत ती कॉलेजच्या मागच्या पायऱ्यांवर बसून वाजवायची आणि मी तिच्या सुरावर माझी मराठी गाणी म्हणायची. हळूहळू तिनं मला डाव्या हाताची बोटं कुठं दाबायची ते शिकवलं. बोटांच्या टोकांना घट्टे पडले, तेव्हा आईनं विचारलं, “हे काय गं?” मी म्हटलं, विहिरीचा दोर. आमच्या घरी नळ होता. आईनं पुढे काही विचारलं नाही, हेही मी तेव्हा मनात टिपून ठेवलं.

आता ते कुटुंब ऑस्ट्रेलियाला निघालं होतं. घरात दोन गिटारी, आणि बोटीत एवढं सामान नेता येत नव्हतं, म्हणून एक तरी कुणाला चांगल्या घरात द्यायची होती. उरेल ती ते नेणार. कुठली हवी ते मी ठरवायचं.

रविवारी बसनं आम्ही सिकंदराबादला उतरलो आणि तिथून लालागुड्याच्या रेल्वे कॉलनीत गेलो. कौलारू बैठी घरं, पुढे व्हरांडा, कुंड्यांत रंगीत पानांची झाडं. मैत्रिणीचे वडील दारातच उभे. आयुष्य इंजिनावर गेलेलं, त्यामुळे ते बोलायचे म्हणजे ओरडायचेच. “आइए साब! बैठिए!” असं ते म्हणाले आणि कुंपणावरचा कावळा उडाला.

आणि मग मी काय पाहिलं? आमचे अण्णा, जे परक्या माणसाशी हवापाण्यापलीकडे एक शब्द बोलत नसत, जे हल्ली लग्नाकार्यातही कोपऱ्यात मूग गिळून बसत, ते त्या ड्रायव्हरशी दिलखुलास गप्पा मारू लागले. इंजिनं, कोळसा, वाडी जंक्शनचा उन्हाळा. दोघंही ओरडून. दोघंही हसून. मैत्रिणीच्या आईनं केक आणला, तो अण्णांनी खाल्ला. त्यात अंडं असतं हे अण्णांना ठाऊक नसेल असं मला कुणी सांगू नये. मी मनात म्हटलं, गडी आज भलताच खुशीत आहे, म्हणजे बातमी नक्कीच वाईट आहे.

मग गिटारी बाहेर आल्या.

एक मैत्रिणीच्या आजीची. लहान चणीची, कंबर बारीक, लाकूड वापरून वापरून मधाच्या रंगाचं झालेलं. मांडीवर घेतली की अशी बसली, जणू तिथंच बसायला तयार केली होती. दुसरी वडिलांची. तिचं पोट एवढं रुंद, की उजवा हात त्यावरून टाकला तर माझा खांदा कानाला लागायचा. वरून पाठ इतकी गुळगुळीत, की माझ्या पातळावरून ती घसरून खाली निघायची आणि तिच्याबरोबर पदरही. मी तिथल्या तिथं नावं ठेवली, थोरली आणि धाकटी.

आवाजातही फरक तसाच. धाकटीची प्रत्येक तार वेगळी ऐकू यायची. बारीक तारा तर स्वच्छ, जवळच्या, कानाशी कुणीतरी गुणगुणल्यासारख्या. मी एक ओळ म्हणून पाहिली. माझा आवाज पुढे राहिला, ती मागे राहिली, कुठं अडवाअडवी नाही. थोरली छेडली तर जाड तारांचा घुमारा माझ्या बरगड्यांत गेला. फुंकणी तोंडाला लावून बोलावं तसं. तिच्याबरोबर गायले, तर तिनं माझं गाणंच गिळून टाकलं. मला गायला साथ हवी होती. यात विचार करायचं काही नव्हतंच.

“अण्णा, ही धाकटी घेते.”

अण्णा उठले आणि व्हरांड्याच्या पार टोकाला, कुंड्यांपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. तिथून म्हणाले, “वाजव.”

मी वाजवायला लागले. हलक्या हातानं, बारीक तारांवर, माझं सगळ्यात चांगलं बसलेलं एक वळण. अण्णा झाडाची पानं बघत होते. जरा वेळानं म्हणाले, “वाजव की.”

मी वाजवतच होते! आता अण्णांचा खवचटपणा आमच्या नात्यागोत्यात प्रसिद्ध. भाजीत मीठ कमी असलं, तर ‘भाजी केव्हा वाढणार?’ असं विचारणारा माणूस. मला वाटलं, धाकटीचा आवाज यांना पसंत नाही म्हणून टोमणा मारतायत. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी जोरात सगळ्या तारांवर हात मारला. अण्णा वळून नुसतं “हं” म्हणाले. चेहरा अळणी वरण चाखल्यासारखा.

“आता ती दुसरी.”

थोरलीवर मी पहिला हात टाकला मात्र, अण्णा तिथल्या तिथं वळले. झपाझप चालत आले, माझ्यासमोर वाकले आणि तिच्या पोटावर तळहात ठेवला. सूर विरेपर्यंत उचललाच नाही.

“ही घे,” ते म्हणाले.

“अण्णा, ही मला झेपत नाही. हात पोचत नाही माझा. आणि गाण्याला—”

“झेपेल. सवय होईल.”

“पण वाजवायची मला आहे ना?”

“ऐकायची आम्हाला आहे.”

ड्रायव्हरसाहेब गडगडाटी हसले. “साब को बडी वाली पसंद है! ले जाओ बेटा, पंधरा रोज घर में रखके देखो. नै जमी तो वापस लाओ, छोटी ले जाओ. हम तब तक इधरीच हैं.”

मी थोरली उचलली. पंधरा दिवसांत परत आणायची आणि धाकटी न्यायची, असं मी त्याच क्षणी ठरवून टाकलं.

परतीच्या बसमध्ये थोरलीला एक पूर्ण जागा लागली. कंडक्टर आमच्याकडे असं बघत होता, की तिचंही तिकीट काढायला लावतो की काय. शेवटी अण्णांनी तिला दोन गुडघ्यांत उभी धरली. इंजिनाच्या घरघरीनं तिच्या तारा आपोआप थरथरत होत्या आणि अण्णा तळहात तिच्या पाठीवर ठेवून टँक बंडच्या रस्त्यावरून बाहेर तलावाचं पाणी बघत होते. मला कळेना, या माणसाला झालंय तरी काय.

गल्लीत आम्ही शिरलो आणि दारादारांतून माना बाहेर आल्या. समोरच्या बाईंनी तर चिंचेची बातमी विसरून टाळीच वाजवली. “एवढं मोठं धूड आणलंत! म्हणजे तुम्ही इथंच राहणार!”

ते ऐकलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं. अरे, खरंच की! ज्याला काचीगुडा स्टेशनाहून त्या मीटरगेजच्या छोट्या गाडीत बसून, बिऱ्हाड घेऊन औरंगाबादला जायचंय, तो काखोटीला मारता येईल अशी धाकटी सोडून हे पिंप कशाला घेईल? म्हणजे राहणार! मी जिना दोन-दोन पायऱ्या चढत गेले. त्या दिवशी मला थोरलीचा राग राहिला नाही. रात्री पांघरुणात मी मनातल्या मनात पुढच्या वर्षीचे विषयसुद्धा निवडले. सुतावरून स्वर्ग गाठणं म्हणतात ते हेच.

पण चार दिवसांत संशय पुन्हा अंगावर चढला. आईनं चिंच भरली नव्हती. लोणच्याची मोठी बरणी तिनं खालच्या मजल्यावर देऊन टाकली. विचारलं तर म्हणाली, “तडा गेलाय तिला.” मी खाली जाऊन बरणी बघून आले. कुठला तडा! ठणठणीत बरणी.

आणखी एक. अण्णा कोपऱ्यावरच्या वकिलांना टाळू लागले होते. दोघांची जुनी दोस्ती, पण हल्ली वकील दिसले की अण्णा रस्ता ओलांडून पलीकडे. वकील चांगला माणूस, रुबाबदार, ओठ झाकून टाकणाऱ्या मिशा, सगळ्यांशी हसून बोलणारा. यांचं काय बिनसलं? मला वाटलं, वकिलांना अण्णांचा बेत ठाऊक आहे आणि ते तोंडावर काही बोलून जातील ही अण्णांना भीती आहे.

आणि सगळ्यात वाईट ते संध्याकाळचं. दिवेलागणीला मी एकदा स्वयंपाकघराच्या दाराशी आले, तर आई आणि अण्णा समोरासमोर पाटावर बसलेले. आईचे ओठ हलत होते. आवाज नाही. कुजबुजही नाही, अगदी काही म्हणजे काही नाही. अण्णा तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होते आणि मान डोलावत होते. मला बघताच आईनं तोंड मिटलं आणि म्हणाली, “ताटं घे गं.” स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलीपासून लपवायला माणसं बिनआवाजी बोलतात! हे काय साधं कारस्थान आहे?

मग मला आईच्या इतर सवयी दिसू लागल्या. पाहुणे आले की ती हमखास अण्णांच्या समोर बसायची आणि पाहुणा बोलला की तेच पुन्हा म्हणायची. “ऐकलंत का, भाऊजी म्हणतात यंदा तूर महाग.” आधी मला वाटायचं हा बावळटपणा. आता वाटायला लागलं, ही अण्णांना नाचवतेय. हिला माहेर हवंय. औरंगाबादचा सगळा डाव हिचाच. त्या रात्री मी आईशी बोलले नाही. तिनं केलेला साखरभात मात्र खाल्ला.

पंधरवडा संपत आला. दुसऱ्या दिवशी सिकंदराबादला जाऊन थोरली परत करायची आणि धाकटी आणायची होती. त्याआधी मला खरं काय ते काढून घ्यायचंच होतं. सरळ विचारलं तर अण्णा ‘बघू’ म्हणणार. म्हणून मी डाव टाकला.

दुपार होती. अण्णा गॅलरीत आरामखुर्चीत रस्त्याकडे तोंड करून पेपर वाचत होते. मी खोलीत, त्यांच्या पाठीशी चार हातांवर, थोरली मांडीत घेऊन बसले होते. आई खिडकीपाशी तांदूळ निवडत होती. मी आवाज चढवला, गल्लीला ऐकू जाईल इतका नाही, पण गॅलरीत ठणठणीत पोचेल इतका.

“आई, मी औरंगाबादला येणार नाही. मी त्या सिकंदराबादच्या ड्रायव्हरच्या मुलाशी लग्न ठरवलंय. चर्चमध्ये.”

ड्रायव्हरला मुलगाच नव्हता, ही गोष्ट वेगळी. मी अण्णांच्या मानेकडे बघत होते. मान हलेल, पेपर खाली येईल, खुर्ची करकरेल. कुठल्या बापाची मान हलणार नाही? अण्णांनी शांतपणे पान उलटलं आणि बोटाला थुंकी लावून पुढचं वाचायला लागले.

मला एवढा राग आला की बस! म्हटलं, काय हा नाटकी माणूस! लेक चर्चमध्ये चालली तरी ढिम्म! मी आईकडे वळले. आईच्या हातातलं सूप तिरपं झालं होतं आणि तांदूळ जमिनीवर ओघळत होते.

“खरं बोलतेस?” ती म्हणाली.

“नाही. पण अण्णांना काय त्याचं! त्यांचं ठरलेलं आहे ना सगळं. तुम्ही दोघं मुके होऊन बोलता, मला दिसत नाही वाटतं?”

आई उठली, माझा दंड धरून मला स्वयंपाकघरात नेलं आणि म्हणाली, “त्यांना ऐकू येत नाही.”

मला आधी अर्थच लागला नाही.

“कान गेलेत त्यांचे. दोन-अडीच वर्षं झाली. आधी बारीक आवाज गेले. चिमण्या गेल्या, माझी हाक गेली, तुझं गाणं गेलं. जाड आवाज अजून थोडे येतात. बाकी ते ओठ बघून ओळखतात.”

पूर्वी अण्णा रोज संध्याकाळी मला म्हणायचे, ‘म्हण गं एखादं.’ दोन-अडीच वर्षांपूर्वी ते म्हणेनासे झाले होते. मी समजले होते, मुलगी मोठी झाली, आता गाणं पुरे, असं त्यांच्या मनात आलंय. मी तेव्हापासून त्यांच्यावर रुसून होते आणि ते रुसणं त्यांना ऐकूसुद्धा आलं नव्हतं.

“आणि दफ्तर?” मी विचारलं.

“तिथंही ओठच. मराठी कळतं, उर्दू कळतं. वर्षानुवर्षं तीच माणसं, तेच कागद, तीच वाक्यं. निभावत होतं. आता नवे साहेब येणार, भराभरा तेलुगू बोलणारे. ह्यांचं तेलुगू भाजी घेण्यापुरतं. ओठांवरून नाही ओळखता येत. महिन्याभरात सगळ्यांना कळेल, आणि कान गेले म्हटलं की घरी बसवायला टपलेलेच आहेत सगळे. म्हणून मराठी मुलखात जायचं. लिहून दिलंय त्यांनी.”

“म्हणजे तुला माहेर मिळालं.”

“माझं माहेर घाल चुलीत!” आई इतक्या जोरात म्हणाली, की मी मागे सरले. “मला काय हा गाव सोडवतोय? माझा सगळा संसार इथं झाला. बरणी देताना माझा जीव कसा झाला, ते तुला कशाला दिसेल? तुला फक्त तडा दिसायला हवा होता.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“तुझं तोंड केवढं आहे ते माहीत आहे मला. रागाच्या भरात गॅलरीतून ओरडली असतीस.”

मी विचारलं, “आणि वकील? त्यांचं काय?”

“त्यांच्या मिशा,” आई म्हणाली. “ओठ दिसत नाहीत ना.”

मला हसू फुटलं. खदखदून हसले, आणि हसता हसता रडायलाच लागले. आईनं मला रडू दिलं. मग पदरानं माझं तोंड पुसून म्हणाली, “गिटारला लगेच हो का म्हणाले, ठाऊक आहे? मला म्हणाले, पोरीचं गाणं आता मला येत नाही. येईल असं काहीतरी घरात येऊ दे, आहे तोवर.”

मी खोलीत परत आले. अण्णा तसेच पाठमोरे. मी थोरली मांडीवर घेतली, ती नेहमीसारखी घसरली, मी पदर खोचून तिला पक्की धरली. सगळ्यात बारीक तार छेडली. अण्णांचा पेपर हलला नाही. तिच्या शेजारची, तिच्याही पलीकडची. काही नाही. मी एकेक करत जाड तारांकडे सरकत गेले. मग शेवटची, सगळ्यात जाड, अंगठ्यानं पूर्ण जोर लावून.

पेपर खाली आला.

“हं,” अण्णा मागे न बघता म्हणाले. “आता वाजली.”

मी पुन्हा वाजवली. ते वळले. माझे डोळे बघितले, दारात उभ्या आईकडे बघितलं. “सांगितलंस वाटतं,” ते आईला म्हणाले. मग मला म्हणाले, “गल्लीत बोलू नकोस.”

“नाही बोलणार.”

“राग आलाय?”

“हो,” मी म्हटलं. आलाच होता. मला हे शहर हवं होतं, ही गल्ली, ते कॉलेज, मागच्या पायऱ्या, आणि त्यातलं काहीही मला मिळणार नव्हतं. ते मी त्यांच्या तोंडाकडे तोंड करून, नीट ओठ हलवून सांगितलं. त्यांनी सगळं पाहून घेतलं. “बरोबर आहे,” एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच सिकंदराबादला गेले. घरातलं सामान अर्धं बांधून झालं होतं. धाकटी तिच्या पेटीत झाकण उघडं टाकून माझी वाट बघत होती. मैत्रिणीनं विचारलं, “बडी किधर है? लायी नै?” मी म्हटलं, “बडीच रहने दे.” ती म्हणाली, “पागल! गाती तू है, तुझको छोटी होना.” मी धाकटी उचलली, तिच्यावर एक अख्खं गाणं म्हटलं आणि तिला पेटीत ठेवून झाकण लावलं. आम्ही दोघी गळ्यात पडून रडलो. पण मी नेमकी कशासाठी रडत होते, ते तिला सांगितलं नाही. शब्द दिला होता ना.

औरंगाबादला गेलो. थोरलीला गार्डाच्या डब्यात जागा मिळाली नाही, म्हणून अण्णांनी तिला पूर्ण प्रवासभर गुडघ्यांत धरून नेलं. शेतकी खात्यातल्या मुलाला मी नकार दिला आणि अण्णांनी त्यावर ‘बघू’सुद्धा म्हटलं नाही, सरळ ‘बरं’ म्हणाले. बी. ए. मी बाहेरून पुरं केलं. अण्णांनी पेन्शनपर्यंत नोकरी केली. तिथं कोणाला कळलं की नाही, मला शेवटपर्यंत समजलं नाही. एक-दोघांना कळलं असावं आणि त्यांनी ते पोटात ठेवलं असावं, असा माझा संशय आहे.

पुढे जाड आवाजही गेले. पेपर खाली यायचा बंद झाला. मग अण्णा संध्याकाळी माझ्याशेजारी स्टूल घेऊन बसायचे आणि थोरलीच्या पाठीवर तळहात टेकवायचे. एखादी तार उतरली असली तर त्यांना हातानं कळायचं. “जाडी सैल झाली बघ,” म्हणायचे, आणि झालेली असायची. धाकटी असती, तर एवढ्याशा लाकडातून त्यांच्या हाताला काय लागलं असतं?

अशाच एका संध्याकाळी, आईला जाऊन वर्ष झालं असेल, अण्णांनी एकदम विचारलं, “ती दुसरी होती ना गं, सिकंदराबादला. लहान. तिचा आवाज कसा होता?”

मी दिवा जवळ ओढला. माझ्या तोंडावर उजेड पडला पाहिजे, ही आईची शिकवण. “काही खास नव्हता, अण्णा,” मी म्हटलं. “पिचका होता.”

अण्णा माझ्या ओठांकडे बघत राहिले.

“खोटं,” ते म्हणाले. “तुझ्या ओठांवर दिसतं मला. नीट सांग.”

मी सांगितलं, “तुम्ही मला जामबागेत संध्याकाळी गायला सांगायचात ना, अण्णा. तेव्हा माझा असायचा, तसा होता. अगदी तसा.”

त्यांनी ते पूर्ण पाहिलं, शेवटच्या शब्दापर्यंत.

“मग ठाऊक आहे मला तो,” अण्णा म्हणाले, आणि हात परत थोरलीच्या पाठीवर ठेवला. “वाजव की.”